न बोलणाऱ्या बालकाचे बोलणे
(कुटुंब-शिबिरात स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी)

ज्या बालकास वाचेने बोलता येत नाही, त्यास सांगावयाचे काहीच नसते, असा समज अनेक घरांत व शाळांत दृढ होऊन बसला आहे. या समजाची किंमत बालकास मोजावी लागते. पोट दुखत असता त्यास ते सांगता येत नाही; कोणी त्रास दिला, तर तक्रार करता येत नाही; ताट दूर लोटले, तर ते हट्टी ठरते. भाजी तिखट होती, एवढेच कदाचित त्यास सांगावयाचे असते. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता इत्यादी कारणांमुळे ज्यांची वाचा चालत नाही, अशा पुष्कळ बालकांस ऐकलेले समजते. उत्तर देण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नसते.

हे साधन म्हणजे चित्रांचा किंवा अक्षरांचा फलक, अथवा चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारा टॅब होय. चार्लस् ब्लिस यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी १९७१ पासून कॅनडातील टोरांटो येथे अशा बालकांसाठी वापरली जाऊ लागली. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे कार्य आरंभिले. त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी मुंबई व लंडन येथे उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून स्वतःचे आत्मचरित्र लिहिले. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे उपयोजन मराठीतही बोलते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने संवादाच्या व्याख्येत या पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला असून, शाळांतून त्यांस उत्तेजन देण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे.

परंतु साधन हाती दिल्याने भाषा येत नाही. सामान्य बालक पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी सुमारे वर्षभर घरच्यांचे बोलणे ऐकत असते. फलकाने बोलणाऱ्या बालकास मात्र फलकावर बोलणारे दुसरे कोणीच दिसत नाही. म्हणूनच शिबिर एकट्या बालकाचे न भरविता कुटुंबाचे भरवावयाचे असते. आईवडील, आजी व भावंडे यांनी ती भाषा उचलली, तरच शिबिर संपल्यावर ती घरी टिकते.

अशा शिबिरात स्वयंसेवकाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट, स्वतः फलकावर बोलावे. “चला, आता खेळू” असे म्हणताना ‘खेळ’ या चित्रावर बोट ठेवावे. “दाखव बघू, गाय कोठे आहे?” अशी परीक्षा वारंवार घेऊ नये, परीक्षा म्हणजे संभाषण नव्हे.

दुसरी, थांबावे. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजावेत. शरीर साथ देत नसलेल्या बालकास हात उचलण्यासच तेवढा वेळ लागतो. या अवधीत मोठ्यांनी उत्तर सांगून टाकले, तर बालक हळूहळू प्रयत्नच सोडून देते.

तिसरी, फलक कधीही काढून घेऊ नये. जेवताना, नदीकाठी, निजताना तो बालकाजवळच असावा. शिक्षा म्हणून तो काढणे म्हणजे बालकाचे तोंड दाबणे होय.

चौथी, “नको” या शब्दाचा मान राखावा. बालकाने “नको” दाखविले आणि कोणी मानलेच नाही, तर तो शब्द त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. औषधासारखी गोष्ट टाळता येत नसेल, तर “तुला नको आहे, हे समजले” असे आधी सांगून मग कारण सांगावे.

पाचवी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. बालकाचा हात धरून अक्षरांवर फिरवू नये. पाश्चात्त्य देशांत ही रीत काही काळ फार फैलावली होती. १९९० नंतरच्या दशकात तिची कसोटी घेण्यात आली. बालकास एक चित्र व हात धरणाऱ्यास दुसरे चित्र दाखविले, तेव्हा उमटलेले उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. हात धरणारे लबाड नव्हते. आपण हात वळवीत आहोत, हे त्यांस स्वतःसच कळत नव्हते. हात हलत नसेल, तर स्वयंसेवकाने एकेका चित्रावर बोट ठेवीत जावे व बालकाने डोळ्यांच्या ठरलेल्या खुणेने “हेच” असे सांगावे. शब्द थोडे निघतील, पण ते बालकाचे असतील.

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर असलेल्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात एखाद्या केंद्राने असे शिबिर योजिल्यास फलकही त्या परिसराचाच असावा. छापील फलकावरील बर्फाचा बाहुला तेथील बालकाच्या काय कामाचा? त्यावर धरण, भाकरी, हळद, बैल, एस.टी. व नागनाथाची जत्रा असावी. ज्या घरी आईस ‘माय’ म्हणतात, त्या घरच्या फलकावर ‘माय’ असेच लिहावे. शिवाय ‘आणखी’, ‘पुरे’, ‘दुखते’, ‘नको’ व ‘मला काही सांगायचे आहे’ ही चित्रे प्रत्येक फलकावर हवीतच. जाड पुठ्ठा व वर पारदर्शक आवरण एवढ्यात काम भागते. उन्हात टॅबचा पडदा दिसेनासा होतो व पाण्याजवळ तो नेता येत नाही; पुठ्ठ्यास ही अडचण नाही. जलाशयाकाठी मात्र प्रत्येक बालकामागे एक मोठे माणूस असावे, कारण या बालकांस हाक मारून मदत मागता येत नाही.

बालकाने पहिल्या दिवशी एकही शब्द दाखविला नाही, तरी स्वयंसेवकाने निराश होऊ नये. ते पाहत असते. आपले कोणी खरोखर ऐकणार आहे, अशी त्याची खात्री पटली, म्हणजे ते बोलू लागते.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या शाळेच्या पटावर न बोलणारे बालक आहे काय? त्याचे “हो” व “नाही” कसे ओळखता येते?
२. आपल्या गावासाठी वीस चित्रांचा फलक करावयाचा झाल्यास कोणती चित्रे निवडाल?
३. बालकाचे उत्तर त्याचे स्वतःचेच आहे, याची खात्री कशी करून घ्याल?