कुलूप पुन्हा ओढून पाहणे : सवय की मंत्रचळ?

प्रश्न : बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून पाहणे, गॅस बंद आहे ना हे परत येऊन बघणे, ही मंत्रचळाची म्हणजे ओसीडीची लक्षणे आहेत का?

उत्तर : बहुतेक वेळा नाहीत. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद केल्याची खात्री करणे ही सावधगिरी असते. खात्री पटली की मन दुसरीकडे वळते. मंत्रचळात नेमके हेच घडत नाही. डोळ्यांनी पाहिलेलेही पटत नाही, ‘माझ्या चुकीने घर पेटेल’ हा नकोसा विचार पुन्हा उसळतो आणि तो शमवण्यासाठी तपासावेच लागते. घरच्यांना वारंवार ‘बंद आहे ना?’ विचारणे हीसुद्धा तपासणीच.

निदानात केवळ खेपा मोजल्या जात नाहीत. या विचारांत आणि कृतींत रोज तासाभराहून अधिक वेळ जाणे, किंवा त्यांमुळे लक्षणीय त्रास होणे, कामाचा खोळंबा होणे, हे महत्त्वाचे.

तपासण्याने शंका मिटते, हा समज मात्र फसवा आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात संगणकावरील शेगडी वारंवार तपासणाऱ्या निरोगी व्यक्तींची स्मृती बऱ्यापैकी अचूक राहिली, पण तिच्यावरचा विश्वास घटला. म्हणूनच उपचारात भीतीला सामोरे जाऊन तपासणी टाळण्याचा टप्प्याटप्प्याने सराव करून घेतात. गरजेनुसार सेरोटोनिनवर काम करणारी औषधे दिली जातात. त्यांचा गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसल्यास ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.