दोन बिंदू, एक चढ

रेषेचा चढ हा भाग सीबीएसईच्या अभ्यासक्रमात अकरावीत येतो. पण नकाशावाचनात तो आपल्याला आधीच लागतो आणि पुढे एनडीएच्या गणितातही. म्हणून आत्ताच समजून घेऊ.

रेषेवर एक एकक उजवीकडे सरकलो तर किती वर जातो, तो तिचा चढ. त्यासाठी दोन बिंदू पुरतात.

चढ = य मधला फरक ÷ क्ष मधला फरक

समजा, अ (२, ७) आणि ब (६, −१) हे बिंदू दिले आहेत.
य मधला फरक : −१ − ७ = −८
क्ष मधला फरक : ६ − २ = ४
चढ : −८ ÷ ४ = −२

उत्तर ऋण आले, म्हणजे रेषा उजवीकडे उतरते. उलट क्रम घेतला तर ८ ÷ (−४), म्हणजे पुन्हा −२. पण वर 'ब वजा अ' आणि खाली 'अ वजा ब' केले, तर +२ येते. उतार होता, तो चढण झाला! एनडीएच्या गणितात बरोबर उत्तराला २.५ गुण आहेत आणि चुकीला त्याचा एक तृतीयांश कापला जातो. म्हणून क्रम एकच ठेवा.

आडव्या रेषेचा चढ शून्य. उभ्या रेषेत क्ष मधला फरक शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ सांगता येत नाही.

आता नकाशा. १ : ५०,००० प्रमाणात २ सेंमी म्हणजे १ किमी. पायथा ६४० मीटर, चौकी ७०० मीटर, नकाशावरील अंतर ३ सेंमी, म्हणजे १५०० मीटर. चढ ६० ÷ १५००, म्हणजे २५ ला १. दोन्ही मापे मीटरमध्येच हवीत. कसारा घाटातली रेल्वे ३७ ला १ आहे आणि तिथेही जड गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. पाठीवर पिठ्ठू असेल तर २५ ला १ म्हणजे काय, ते ओळखा!

एक सावधगिरी. सरळ रेषेवर कोणतेही दोन बिंदू घ्या, चढ तोच येतो. जमिनीचे तसे नाही. दोन टेकड्यांची उंची सारखी असेल तर उत्तर शून्य येईल, पण मध्ये खोल नाला असू शकतो. म्हणून मधल्या समोच्च रेषाही पाहा. त्या दाट असतील तिथे चढ तीव्र असतो.

सरावासाठी : प (−३, ४) आणि फ (१, −२) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा.
(उत्तर : −३/२)