जंताची गोळी आणि त्यानंतरचे काम



दरवर्षी १० फेब्रुवारीला देशभरातील शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलांना जंताची गोळी दिली जाते. अनेक राज्यांत ती १० ऑगस्टलाही देतात. हा ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ २०१५ साली सुरू झाला. त्यात १ ते १९ वर्षे वयाची मुले-मुली येतात. म्हणजे घरातले दुडुदुडु धावणारे धाकटे भावंडही येते आणि वर्गात बसलेले तुम्हीही येता. गोळी चावून खाल्ली, वर पाणी प्यायलो की विषय संपला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात गोळीने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम कोणते, ते या पाठात पाहू.

शत्रूची ओळख

लहान मुलांच्या आतड्यांत मुख्यतः चार प्रकारचे जंत आढळतात.

१. गोल जंत : हा गांडुळासारखा दिसतो. मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब असते आणि एका दिवसात दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ओलसर, सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिली की ती रोग देण्याजोगी होतात. मग मातीचे हात, न धुतलेली भाजी किंवा दूषित पाणी यांतून ती तोंडात जातात.

२. चाबूककृमी : याचाही प्रवास मातीतून तोंडात असाच होतो. हा मोठ्या आतड्यात राहतो. संख्या फार वाढली तर मुलाला आव-रक्त पडते.

३. अंकुशकृमी : हा मुख्यतः पायांतून येतो. याची अंडी मातीत फुटतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन आतड्यात, असा त्यांचा मार्ग आहे. आतड्याच्या भिंतीला चिकटून हा जंत रक्त शोषतो.

४. सूतकृमी : शौचात दिसणारे पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंत ते हेच. यांना मातीची गरज नसते. रात्री मूल झोपले की मादी शौचाच्या जागी बाहेर येऊन अंडी घालते. खाज सुटते, मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तीच बोटे तोंडात जातात. अंथरूण-पांघरुणावर ही अंडी दोन-तीन आठवडे टिकू शकतात. म्हणून घरात एकाला हे जंत झाले की इतरांनाही होतात. वसतिगृहात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते सहज पोहोचतात.

याशिवाय अमीबा आणि जिआर्डिया हे एकपेशीय परजीवीही आतड्यांत राहून जुलाब घडवतात. ते जंत नव्हेत, आणि त्यांचे औषधही वेगळे असते.

प्रत्येक जंत बाहेरून आलेला असतो

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. वरचे पहिले तीन जंत पोटातल्या पोटात संख्येने वाढत नाहीत. ते अंडी घालतात, पण ती अंडी बाहेर मातीत पडल्याशिवाय पुढची पिढी तयार होत नाही. एखाद्या मुलाच्या पोटात पन्नास गोल जंत असतील, तर निदान पन्नास अंडी त्याच्या तोंडावाटे आत गेलेली असतात.

१९२२ साली कोइनो या जपानी डॉक्टरांनी हा मार्ग स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिला. त्यांनी गोल जंताची दोन हजार अंडी गिळली. काही दिवसांनी त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांच्या थुंकीत जंताच्या अळ्या सापडल्या. गिळलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या आतड्यातून फुफ्फुसात जाऊन पुन्हा आतड्यात परततात, हे त्यातून माणसाच्या बाबतीत दिसून आले.

गोळीने आज पोटात असलेले जंत मरतात. अंगणातल्या मातीत पडलेल्या अंड्यांना ती काहीच करीत नाही. शिवाय जंत एकदा होऊन गेले म्हणजे पुन्हा होत नाहीत असेही नाही. बाहेरचा रस्ता उघडा राहिला की काही महिन्यांत पोट पुन्हा भरते.

मुलाचे नुकसान काय?

जंत थोडे असले तर बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणूनच तपासणी न करता सर्व मुलांना गोळी देतात. संख्या वाढली की पोट दुखते, भूक मंदावते, अन्न अंगी लागत नाही, वजन आणि उंची मागे राहते.

अंकुशकृमीचा हिशेब करून पाहा. एक जंत त्याच्या जातीनुसार दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. शंभर जंत असतील तर रोजचे ३ ते २० मिलिलिटर झाले. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे एक लिटर असते. असे मूल फिकट दिसते, लवकर दमते, त्याचे खेळात आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात, पण त्याच्या रक्तातले लोह संपत आलेले असते.

एका लष्करी डॉक्टरची कामगिरी

१८९९ साली पोर्तो रिको बेटावर मोठे चक्रीवादळ झाले. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर बेली ॲशफर्ड तेथे आजारी लोकांवर उपचार करीत होते. पांढरेफटक पडलेले शेकडो शेतमजूर त्यांच्याकडे येत. हा उपासमारीचा परिणाम असावा असा समज होता, पण चांगले अन्न देऊनही रुग्ण सुधारत नव्हते. ॲशफर्ड यांनी त्यांचे शौच सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यात अंकुशकृमीची अंडी दिसली. कॉफीच्या मळ्यांत हे लोक अनवाणी राबत आणि शौचालये नव्हती. १९०४ पासून तेथे मोठी मोहीम चालली आणि सुमारे तीन लाख लोकांवर उपचार झाले. औषधाबरोबरच लोकांना शौचालय वापरायला आणि पायांत काही घालायला शिकवावे लागले.

उपचार

जंतनाशक दिनी देतात त्या गोळीचे नाव अल्बेंडाझोल. तिच्यामुळे जंताला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो उपाशी मरतो. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम) आणि त्यापुढे एक गोळी (४०० मिलिग्रॅम) देतात. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना ती पूड करून पाण्यातून द्यावी. मोठ्यांनी चावून खावी. रडणाऱ्या बाळाला नाक दाबून गोळी देऊ नये; ती घशात अडकू शकते. त्या दिवशी मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते; ती बहुधा लवकर थांबते.

सूतकृमी झाले असतील तर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. हे आणि इतर कोणतेही जादा औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. चाबूककृमीला एक गोळी अनेकदा पुरत नाही. मूल फिकट दिसत असेल तर लोहाच्या औषधाबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

पोट फुगणे, जोरात कळा येणे, उलट्या होणे आणि शौच बंद होणे ही लक्षणे एकत्र दिसली तर जंतांच्या गुंत्याने आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी औषध न देता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दोन समज

‘गोड खाल्ल्याने जंत होतात’ असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. जंत अंड्यांतून किंवा अळ्यांतून येतात. गुळातून किंवा साखरेतून येत नाहीत. ‘मूल रात्री दात खाते म्हणजे जंत झाले’ हेही खरे धरू नये. दात खाण्याची इतर कारणे असतात. वावडिंगाचे पाणी बाळाला देण्याची रीत जुनी आहे, पण त्यावर विसंबून गोळी टाळू नये.

उरलेले अर्धे काम

• जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. सॅनिटायझरने जंतांची अंडी मरतीलच असे नाही. ती धुऊनच काढावी लागतात.
• नखे दर आठवड्याला कापा. परेडच्या तपासणीपुरती नव्हे, स्वतःसाठी कापा.
• मैदानावर, शेतात आणि शिबिरात अनवाणी फिरू नका. शिबिरात नेमून दिलेलेच शौचालय वापरा.
• काकडी, गाजर, कोथिंबीर स्वच्छ पाण्याने नीट धुतल्याशिवाय खाऊ नका.
• चादरी आणि आतले कपडे नियमित धुऊन उन्हात वाळवा.
• लहान बाळाची शी अंगणात किंवा उकिरड्यावर टाकू नका, शौचालयातच टाका. ती निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे.

कॅडेट मित्रांनो, या सवयी वसतिगृहात तुमच्या अंगवळणी पडलेल्या असतात. सुट्टीत घरी जाल तेव्हा धाकट्या भावंडाला जेवणाआधी हात धुवायला घेऊन जा, त्याची नखे कापा आणि अंगणात जाताना त्याच्या पायांत चपला आहेत ना ते पाहा. त्याला गेल्या खेपेची गोळी मिळाली होती का, हेही आईला विचारा. राहून गेली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत चौकशी करा.