अधांतरीं थांबणारें विमान

मळ्यांत पाण्याची नळी हातांतून सुटली, कीं ती झोताच्या उलट दिशेस उसळते, हें आम्हां बीडकरांस ठाऊक आहे. गोव्यांत दाबोळीस १९८३ सालीं आलेलें व २०१६ सालीं निवृत्त झालेलें नौदलाचें ‘सी हॅरियर’ विमान याच न्यायानें अधांतरीं उभें राही. इंजिनाचा झोत चार फिरत्या तोंडांतून निघे. तीं खालीं वळविलीं, कीं विमान उचललें जाई; मागें वळविलीं, कीं पुढें धांवे. पण थांबलेल्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहत नाहीं. मग सुकाणूचा काय उपयोग? खरी मौज आम्हांस येथेंच वाटते. नाक, शेपूट व पंखांचीं टोकें येथील छिद्रांतून इंजिनाची दाबलेली हवा सोडून वैमानिक तोल सांभाळी. झोत वळविण्याचा दांडा व इंजिनाचा जोर राखण्याचा दांडा शेजारींशेजारींच असत. अधांतरीं चुकीचा ओढला गेला, तर विमान कोसळण्याचें भय असे.