शैक्षणिक कर्जाचा व्याज दाखला : मागणी, तपासणी आणि तक्रार

शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यातील जो भाग व्याजापोटी जातो, तो आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८०ई नुसार करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. या वजावटीला रकमेची मर्यादा नाही. कलम ८०सी ची दीड लाखाची चौकट तिला लागू नाही. मुद्दलाच्या परतफेडीवर मात्र कोणतीही सवलत मिळत नाही. गृहकर्जाच्या मुद्दलाला ८०सी चालते म्हणून शैक्षणिक कर्जाच्या मुद्दलालाही चालेल, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर अधिनियम २०२५ मध्ये हीच तरतूद कलम १२९ म्हणून ठेवली आहे.

वजावटीची किंमत स्लॅबवर ठरते. वर्षभरात ९०,००० रुपये व्याज भरणाऱ्याचा वरचा स्लॅब २० टक्क्यांचा असेल, तर ४ टक्के उपकरासह १८,७२० रुपये कर वाचतो. ३० टक्क्यांचा असेल तर २८,०८० रुपये. हा पैसा हाती येण्यासाठी लागणारा मुख्य कागद म्हणजे बँकेचा व्याज दाखला, म्हणजेच बोलीभाषेतले इंटरेस्ट सर्टिफिकेट. कर्ज खाते क्रमांक, कर्जदार व सहकर्जदाराची नावे, आर्थिक वर्ष, त्या वर्षात वसूल झालेले व्याज आणि मुद्दल, व ३१ मार्चची शिल्लक एवढाच त्याचा मजकूर. एका पानाच्या या कागदासाठी अनेकांचे घोडे मार्च महिन्यात अडते.

अडण्यामागे व्यवस्थेतला फरक आहे. अमेरिकेत वर्षभरात ६०० डॉलर किंवा अधिक व्याज घेणाऱ्या संस्थेला विद्यार्थी कर्जदाराकडे ३१ जानेवारीपर्यंत फॉर्म १०९८-ई पाठवावा लागतो, आणि तोच तपशील कर खात्याकडेही जातो. भारतात करदात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, ठेवींवर मिळालेले व्याज दिसते. शैक्षणिक कर्जावर भरलेले व्याज दिसत नाही. त्यामुळे दाखला मागण्याचे, तपासण्याचे आणि जपून ठेवण्याचे काम कर्जदारावरच येते.

बिबवेवाडीतील एक प्रकरण

पुण्यातील बिबवेवाडी हा विद्यार्थी आणि नोकरदार अशा दोघांचा परिसर आहे. अप्पर इंदिरानगरला १९८३ पासून विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि कात्रज-धनकवडीचा शैक्षणिक पट्टा जवळच आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेले अनेक जण नोकरी लागल्यावर इथेच भाड्याने राहतात. त्यांचे कर्ज मात्र बहुतेक वेळा गावाकडच्या शाखेतले असते, कारण ते वडिलांच्या ओळखीने आणि वडिलांना सहकर्जदार करून घेतलेले असते. पुढचा अनुभव अशाच एका कर्जदाराचा आहे.

त्याने डिसेंबरात बिबवेवाडीतल्या आपल्या बँकेच्या शाखेत दाखला मागितला. काउंटरवरून उत्तर आले, ‘होम ब्रँचला जा.’ होम ब्रँच तालुक्याच्या गावी. तिथे फोन केला तर ‘मेल टाका.’ मेलला उत्तर नाही. कॉल सेंटरने तक्रार क्रमांक दिला आणि थोड्याच दिवसांत ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा एसएमएस आला. दाखला मात्र आला नव्हता. नेट बँकिंगमध्ये कर्जखाते दिसतच नव्हते. दरम्यान कंपनीच्या पगार विभागाने पुरावे देण्याची मुदत संपवली आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून वाढीव टीडीएस कापला गेला. वैतागून तो सॅलिसबरी पार्कातल्या आयकर कार्यालयातही जाऊन आला. तिथे या कामाचा काही संबंध नव्हता. दाखला देणे हे कर्ज देणाऱ्या संस्थेचेच काम आहे.

शेवटी लेखी अर्जानंतर दाखला मिळाला, तो दोन चुकांसह. पहिली चूक नावाची : त्यावर फक्त वडिलांचे नाव होते, हप्ते मात्र मुलाच्या पगार खात्यातून जात होते. दुसरी चूक आकड्याची : दाखल्यावर व्याज ८४,३१० रुपये, तर खातेउताऱ्याप्रमाणे वसुली ७०,२६० रुपयांची. ऑटो डेबिटचा मँडेट नव्या पगार खात्यावर नोंदवायला उशीर झाल्याने फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते थकले होते आणि एप्रिलमध्ये भरले गेले होते. त्या दोन महिन्यांचे १४,०५० रुपये व्याज बँकेने आकारले होते, पण त्या वर्षात ते भरले गेले नव्हते.

हा फरक किरकोळ नाही. कायद्यात वजावट ‘भरलेल्या’ व्याजाची आहे, ‘आकारलेल्या’ व्याजाची नाही. जास्तीचा आकडा बँकेने छापला असला तरी विवरणपत्रात तो मांडल्याची जबाबदारी करदात्याची राहते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने बोगस वजावटींविरुद्ध देशभरात सुमारे १५० ठिकाणी झडती आणि पडताळणीची कारवाई केली. महाराष्ट्रही त्यात होता, आणि खात्याने नाव घेतलेल्या कलमांत ८०ई होते. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे ठरल्यास कलम २७०ए खाली बुडालेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. थकलेल्या हप्त्यांचे १४,०५० रुपये पुढच्या वर्षीच्या वजावटीत घेता येतात. चालू वर्षात घेणे धोक्याचे.

अडवणूक कुठे होते

या प्रकरणातली प्रत्येक अडचण ठरावीक ठिकाणची आहे. कोअर बँकिंगमुळे खाते कोणत्याही शाखेच्या संगणकावर उघडता येते, तरी कर्जाची फाइल ज्या शाखेत आहे तिनेच कागद द्यावा ही पद्धत शाखांमध्ये रुळलेली आहे. कॉल सेंटरचा कर्मचारी दाखला काढू शकत नाही; तो फक्त तक्रार पुढे सरकवतो, आणि शाखेने ‘निकाली’ असा शेरा मारला की त्याच्या पडद्यावर प्रकरण संपते.

नेट बँकिंगमध्ये कर्जखाते न दिसण्याचे नेहमीचे कारण ग्राहक क्रमांकाचे आहे. अकरावी-बारावीत उघडलेल्या बचत खात्याचा ग्राहक क्रमांक एक, कर्ज घेताना तयार झालेला दुसरा, आणि नेट बँकिंग पहिल्याला जोडलेले, असे अनेकदा घडते. शाखेत अर्ज देऊन दोन्ही क्रमांक एकत्र करून घेतले की पुढच्या वर्षापासून बऱ्याच बँकांत दाखला घरबसल्या उतरवता येतो.

विलीनीकरणाने आणखी एक गुंता केला. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. त्याआधीचे कर्ज असेल तर मंजुरीपत्रावरचे बँकेचे नाव, शाखा आणि आयएफएससी आजच्या तपशिलाशी जुळेलच असे नाही. अर्जात जुना आणि नवा दोन्ही तपशील द्यावा.

वजावट कोणाला, किती वर्षे

कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेले असावे. बारावी किंवा समकक्ष परीक्षेनंतरचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम म्हणजे उच्च शिक्षण. कर्ज बँकेचे, राजपत्रात अधिसूचित वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. काका-मामांकडून, मालकाकडून किंवा पतसंस्थेकडून घेतलेल्या पैशाचे व्याज यात बसत नाही. परदेशी शिक्षणासाठी परदेशातल्या कंपनीने थेट दिलेल्या कर्जाचेही तेच. बँकेतर कंपनीचे कर्ज असेल तर ती अधिसूचित आहे का, हे तिच्याकडून लेखी घ्यावे.

कर्ज ज्याने घेतले आणि व्याज ज्याने आपल्या करपात्र उत्पन्नातून भरले, त्याला वजावट मिळते. वडील आणि मुलगा दोघे कर्जदार असतील तर ज्याच्या खात्यातून हप्ता जातो त्याने ती घ्यावी; एकच रक्कम दोघांनी दाखवू नये. नुसत्या जामीनदाराला वजावट नाही. म्हणूनच दाखल्यावर दोन्ही कर्जदारांची नावे असणे आवश्यक आहे.

मुदत आठ करनिर्धारण वर्षांची. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते पहिले आणि त्यानंतरची सात. व्याज त्याआधी फिटले तर तिथेच मुदत संपते. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज वाढत राहते. त्या काळात विद्यार्थ्याने स्वतः व्याज भरले तर कर्जाचा बोजा कमी होतो, मात्र त्याची आठ वर्षेही तिथूनच सुरू होतात, आणि तेव्हा त्याला करपात्र उत्पन्न नसल्याने पहिली काही वर्षे वाया जाऊ शकतात. न भरलेले व्याज मुद्दलात मिळवले गेले, तर पुढे बँकेच्या हिशेबात ते मुद्दल म्हणूनच दिसते. सरकारच्या व्याज अनुदान योजनेतून बँकेला मिळालेली रक्कमही कर्जदाराने भरलेली नसल्याने वजावटीत धरायची नाही.

शेवटची अट करप्रणालीची. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली धरली जाते. जुनी हवी असेल तर तसे निवडावे लागते, आणि विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. मुदत उलटल्यावर जुन्या प्रणालीची वाट बंद होते. दाखल्यासाठी हेलपाटे घालण्याआधी दोन्ही प्रणालींत कर किती होतो हे मांडून पाहावे. काहींच्या बाबतीत नवी प्रणाली या वजावटीविनाही स्वस्त पडते आणि सारा खटाटोप अनावश्यक ठरतो.

दाखला कसा मागावा

मागणी दोन वेळा करावी लागते. वर्ष संपण्याआधी पगार विभागासाठी हंगामी दाखला लागतो. तो फॉर्म १२बीबी सोबत जोडतात. बहुतेक कंपन्या पुरावे जानेवारीच्या सुमारास मागतात, म्हणून अर्ज नोव्हेंबरात जावा. ३१ मार्चनंतर अंतिम दाखला घ्यावा आणि विवरणपत्रात त्याचाच आकडा वापरावा. हंगामी दाखल्यात मार्चपर्यंतचे हप्ते भरले जातील असे गृहीत धरलेले असते.

अर्ज तोंडी असू नये. एका कागदावर कर्ज खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक, आर्थिक वर्ष, दोन्ही कर्जदारांची नावे आणि ‘वर्षात प्रत्यक्ष वसूल झालेले व्याज’ असे स्पष्ट शब्द लिहावेत. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख व सही घेऊन पोच ठेवावी. शाखेने पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा. सोबत त्या वर्षाचा कर्जखात्याचा उतारा मागावा. दाखला चुकला तर चूक उताऱ्यावरूनच दाखवता येते.

दाखला हाती पडल्यावर नावे, खाते क्रमांक, आर्थिक वर्ष, वसूल व्याज आणि ३१ मार्चची शिल्लक उताऱ्याशी ताडून पाहावी. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून विवरणपत्रात ८०ई साठी स्वतंत्र तक्ता आला असून, त्यात कर्ज देणाऱ्याचे नाव, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, वर्षाअखेरची शिल्लक आणि व्याज हा तपशील भरावा लागतो. त्यामुळे मंजुरीपत्रही हाताशी हवे. कर्ज मध्येच दुसऱ्या बँकेत वर्ग केले असेल, तर त्या वर्षासाठी दोन्ही बँकांचे दाखले लागतात.

दाखला न मिळाल्यास

शाखेने दाद दिली नाही तर पोच जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याचा पत्ता शाखेतल्या फलकावर आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतो. फोनवरच्या तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि ‘निकाली’चा एसएमएस जपून ठेवावा, कारण काम न होता प्रकरण बंद केल्याचा तोच पुरावा असतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँका आणि अनेक बँकेतर कंपन्या येतात. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क नोंदवता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल प्रकरण दाखल करून घेत नाही. अनेक तक्रारी इथेच बाद होतात. सरकारी बँक असेल तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात स्वतःच्या कर्जखात्याचा वर्षभराचा तपशीलही मागता येतो, आणि त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आर्थिक नुकसान झाले असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

पगार विभागाची मुदत चुकली म्हणजे वजावट बुडाली असे नाही. बिबवेवाडीच्या त्या कर्जदाराने नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार केली, दुरुस्त दाखला मिळवला, ७०,२६० रुपयांची वजावट थेट विवरणपत्रात घेतली आणि वाढीव टीडीएस परताव्याच्या रूपाने परत मिळवला. विवरणपत्राला दाखला जोडावा लागत नाही. खात्याने विचारणा केली तर दाखवावा लागतो. म्हणून कर्ज फिटेपर्यंतचे सगळे दाखले, उतारे आणि पोच एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि कर्ज फिटल्यानंतरही काही वर्षे ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नये. ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांनी यंदाचा अर्ज मार्चची वाट न पाहता नोव्हेंबरातच द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.