रक्तदाब, मूत्रपिंड आणि चुंबकाची तपासणी

रक्तदाबाची गोळी चालू असताना डॉक्टर लघवी तपासायला का सांगतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर मूत्रपिंडात आहे. एकेका मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. वर्षानुवर्षे जादा दाबाने रक्त येत राहिले की तेथील नळ्या जाड व अरुंद होतात आणि गाळण्या एकेक करून वाळतात. दुखत मात्र काहीच नाही. रक्तातील क्रिएटिनिन बहुधा निम्मी शक्ती गेल्यावरच वाढलेले दिसते. लघवीतील आल्ब्युमिन त्याआधी सापडू शकते. म्हणून वर्षातून एकदा दोन्ही तपासून घ्यावे.

पुढची पायरी सोनोग्राफीची. एम्. आर्. आय्. महाग आहे आणि सर्वांना लागत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. पण तीन-तीन औषधे घेऊनही दाब उतरत नसेल, किंवा एक मूत्रपिंड दुसऱ्याहून बरेच लहान दिसत असेल, तर मूत्रपिंडाकडे जाणारी धमनीच अरुंद झाल्याची शंका येते. पाटाच्या तोंडाशी दरड पडली की वाफा कोरडा राहतो, तसेच हे. उपाशी मूत्रपिंडाला वाटते की अंगातला दाबच कमी झाला. ते रेनिन सोडते आणि साऱ्या शरीराचा दाब आणखी चढतो! ही अडलेली जागा एम्. आर्. आय्.मध्ये दिसू शकते.

यात क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकात झोपवून रेडिओलहरी सोडतात. शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजन त्यांना जो प्रतिसाद देतो त्यावरून चित्र तयार होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली ही रीत प्रसिद्ध केली. २००३ साली त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाला प्राणवायू किती पोहोचतो हेही या यंत्राने मोजता येते, पण ते अजून मुख्यतः संशोधनातच आहे.

कधी शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देतात. मूत्रपिंड फारच दुबळे असेल तर त्याच्या काही जुन्या प्रकारांनी कातडी ताठरण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ साली लक्षात आले. तेव्हा क्रिएटिनिनचा कागद बरोबर न्या. पेसमेकर असेल तर तसे सांगा. आणि विळा पाजताना किंवा फाळ ठोकताना लोखंडाची कपची कधी डोळ्यात गेली असेल, तर तेही सांगा. चुंबकाने ती हलली तर दृष्टी जाऊ शकते. अशा माणसाच्या डोळ्याचा आधी क्ष-किरण फोटो काढतात.