बंड्याला घेऊन योसेमिटीला निघताय ना? मग मावशीचं ऐका

राणी, तंबू आला, बंड्याला नवा पट्टा आला, जावईबापूंनी हाफ डोमचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकूनही झाले. आता फक्त गाडीत बसायचं उरलंय, असं तुम्हा दोघांना वाटतंय. बे एरियातून चारेक तासांची वाट, त्यात काय एवढं? माणसांपुरतं म्हणशील तर खरंच काही नाही. शेपूट बरोबर असलं की मात्र सहलीचा मालक बदलतो.

१८६९च्या उन्हाळ्यात निसर्गलेखक जॉन म्यूर मेंढ्यांच्या कळपामागून याच सिएरा पर्वतात हिंडला, तेव्हा त्याच्याबरोबर कार्लो नावाचा सेंट बर्नार्ड होता. तोही उसना, कारण सखल भागातल्या उन्हाळ्यात कुत्रं तगायचं नाही अशी त्याच्या मालकाला धास्ती होती. पुढे १८९० साली योसेमिटी नॅशनल पार्क झालं. आज कार्लो आला असता, तर म्यूरच्या बहुतेक पायवाटांवर त्याला मज्जाव झाला असता. तेव्हा रुसू नकोस, मार्ग आहे. फक्त पार्कावर नाही, बंड्यावर नजर ठेवून बेत आख.

मुक्काम कुठे

१. नॅशनल पार्क आणि त्याला खेटून असलेलं नॅशनल फॉरेस्ट यांत गल्लत करू नकोस — दोन्ही वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत; पार्कात बहुतेक पायवाटा कुत्र्यांना बंद, फॉरेस्टात बहुतेक खुल्या.

२. तंबू फॉरेस्टात ठोका आणि पार्काला दिवसापुरतं जाऊन या — पश्चिमेला स्टॅनिस्लॉस, दक्षिणेला सिएरा, पूर्वेला इन्यो, अशी फॉरेस्टं तिथे आहेत. दर्शन घाईत, मुक्काम सोईत.

३. ज्या दरवाज्याने पार्कात शिरायचं, त्याच बाजूला जागा बघ: १२० नंबरच्या रस्त्याने ग्रोव्हलँडवरून जाणार असाल तर डायमंड ओ किंवा स्वीटवॉटर, ४१ने ओकहर्स्टवरून जाणार असाल तर समरडेल — या टोकापासून त्या टोकापर्यंत घाटरस्त्याने जाण्यात अर्धा दिवस जातो, आणि मागच्या सीटवर बंड्याला उलट्या होतात ते वेगळंच.

४. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात पूर्वेकडचं टायोगा लेक किंवा एलरी लेक बरं — ती ठिकाणं नऊ हजार फुटांच्या वर आहेत, तर योसेमिटी व्हॅली चारच हजारांवर, म्हणून तिथे दुपारी पारा तिशी सहज ओलांडतो. टायोगाचा रस्ता मात्र साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतो, हे विसरू नकोस.

५. पार्काच्या आतच राहायचा जावईबापूंचा हट्ट असेल, तर अपर पाइन्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी, १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं. चहा आधीच करून बसा — जागा काही मिनिटांत संपतात.

६. बुकिंगचं बटण दाबण्याआधी कुत्र्यांचा नियम वाच — पार्कातल्या बहुतेक कॅम्पग्राउंडांवर कुत्रं चालतं, पण कॅम्प ४सारख्या चालत जायच्या जागांवर आणि मोठ्या गटांसाठी राखलेल्या जागांवर चालत नाही. आधी नियम, मग नेम.

निघण्याआधी

७. घरच्या अंगणात नाहीतर हॉलमध्ये तंबू लावून बंड्याला एक रात्र त्यात झोपव — चेनचा आवाज आणि कापडाची फडफड त्याला रानात पहिल्यांदा कळली, तर सगळं कॅम्पग्राउंड तुमच्याबरोबर जागं राहील.

८. पिसू आणि गोचिडांचं औषध वेटला विचारून वेळेवर दे — २०१५च्या ऑगस्टमध्ये प्लेगमुळे पार्कातली क्रेन फ्लॅट आणि टुलमी मेडोज ही दोन कॅम्पग्राउंडं बंद ठेवून पिसूंसाठी फवारणी करावी लागली होती. प्लेग म्हटलं की आपल्याला १८९७चं पुणं आठवतं. योसेमिटीत तो खारींच्या बिळांमध्ये अजून आहे, म्हणून बंड्याचं नाक बिळापासून लांब.

९. पट्ट्यावर तुझा फोन नंबर, पर्समध्ये रेबीजच्या लशीचं सर्टिफिकेट आणि बंड्याचा एक छापील फोटो असू दे — डोंगरात मोबाइलला रेंज नसते, आणि हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन रडत रडत करणं अवघड असतं.

१०. ओकहर्स्ट किंवा मारिपोसाच्या वेटचा आणि मोठ्या शहरातल्या रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून घे — बंड्याचा दुखरा पाय हातात धरून बसल्यावर शोधाशोध सुचत नाही.

११. शेवटच्या मोठ्या गावात पेट्रोलची टाकी भरून घ्या — व्हॅलीत पंप नाही, आणि उन्हात बंद पडलेल्या गाडीत सगळ्यात आधी कुत्र्याचे हाल होतात.

१२. त्याचं नेहमीचंच खाणं आणि घरची जुनी चादर घे, नवं कौतुक नको — नवीन खाण्याने पोट बिघडतं, आणि रात्री दोन वाजता तंबूची चेन उघडायला जावईबापू उठणार नाहीत, तूच उठशील.

पार्काच्या आत

१३. दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको, आणि ती कायम कुणाच्या तरी हातात हवी. लांब-आखूड होणारी दोरी घरीच ठेव — हरीण दिसलं की बंड्याला नियम आठवत नाहीत. ज्याच्या हाती दोरी, त्याच्या माथी जबाबदारी.

१४. पार्कात त्याला डांबरी रस्ते, फुटपाथ आणि सायकलवाटा जवळजवळ एवढंच मोकळं, आणि तिथेही पाटी बघायची — तेवढ्यात भागतं, कारण व्हॅलीतल्या सपाट सायकलवाटेवरून योसेमिटी फॉल्सही दिसतो आणि हाफ डोमही.

१५. ‘इथे तर फरशी आहे, म्हणजे चालत असेल’ असली वकिली रेंजरसमोर नको — व्हर्नल फॉलच्या वाटेचा काही भाग पक्का असला तरी ती पायवाटच, आणि कुत्र्याला बंद.

१६. पार्कातच बंड्याला मातीवर चालवायचं असेल तर वावोनाला जा. तिथल्या मेडो लूपवर दोरी लावलेली कुत्री चालतात — साडेतीन मैलांची सोपी वाट आहे, तुझे गुडघेसुद्धा खूश होतील.

१७. शटल बसमध्ये, दुकानांत आणि हॉटेलांत त्याला प्रवेश नाही, म्हणून सकाळी लवकर पोहोचून गाडी एका जागी लावा — उशिरा गेलात तर दिवसभर पार्किंगच बघत फिराल.

१८. बंड्याला झाडाला किंवा टेबलाला बांधून ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणत जाऊ नका — ते नियमात बसत नाही, आणि धबधब्याजवळची पाच मिनिटं कधीच पाच नसतात.

१९. मोठी चढण करायचीच असेल तर पाळी लावा: सकाळ तुझी, दुपार जावईबापूंची — एकाला नेहमीच मागे ठेवलं तर ती सहल संसारात पुढची दहा वर्षं ऐकावी लागते.

२०. खिडकी किंचित उघडी ठेवूनही त्याला गाडीत बसवून जाऊ नका — बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत अकराएक अंश सेल्सिअसने चढतं, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

२१. दुपारी डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसलं नाही तर त्यालाही नाही — पंजे भाजल्याचं कुत्रं लगेच सांगत नाही, संध्याकाळी लंगडायला लागतं.

तंबूपाशी

२२. बंड्याचं कोरडं खाणं, बिस्किटं, शाम्पू आणि वास लागलेली वाटीसुद्धा बेअर बॉक्समध्ये (अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी पेटीत) ठेवून कडी नीट लाव, रात्री गाडीत काही ठेवू नकोस — अस्वलाच्या लेखी तुझी पुरणपोळी आणि बंड्याचं खाणं यांत काही फरक नाही, आणि वासासाठी ते गाडीचं दार वाकवतं. वाटी राहिली उघडी, अस्वल आलं तातडी.

२३. वाटी समोर ठेवून ‘खाईल हळूहळू’ म्हणायचं नाही. पंधरा मिनिटांत खाल्लं तर ठीक, नाहीतर उचल — सांडलेल्या दाण्यांवर आधी खारी येतात, मग त्यांच्या मागे बाकीचे येतात. माणसांच्या खाण्याला चटावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा वाईट होतो.

२४. कांदा-लसूण घातलेलं थालीपीठ, मनुका घातलेला चिवडा आणि चॉकलेट त्याच्या तोंडापासून उंच ठेव — कांदा-लसणीने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ‘एवढासाच तुकडा’ म्हणणाऱ्या पाहुण्यांवर बंड्यापेक्षा जास्त लक्ष ठेव.

२५. शेकोटीवर कणसं भाजलीत तर बुरकुंडं मोजून कचऱ्यात टाक — गिळलेलं बुरकुंड आतड्यात अडकलं की थेट ऑपरेशन.

२६. फॉरेस्टात कॅम्पग्राउंडच्या बाहेर चूल किंवा शेकोटी पेटवायची तर कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परमिट आधी काढ, आणि त्या आठवड्यात आगीला बंदी नाही ना ते विचार — परमिट फुकट आहे, वणवा नाही.

२७. रात्री दहानंतर पार्कातल्या कॅम्पग्राउंडांवर शांतता पाळायची असते, म्हणून संध्याकाळी बंड्याला भरपूर चालवून आण — दमलेलं कुत्रं भुंकत नाही, आणि शेजारचे सकाळी कॉफी विचारतात.

२८. झोपायला त्याला तंबूत घ्या, बाहेर बांधू नका — तिथे कोल्ह्यासारखे कायोटी आहेत, पहाडी सिंह आहेत. शिवाय उंचावर जुलैतही पहाटे चांगलीच थंडी वाजते.

२९. घाण पिशवीत उचल आणि ती पिशवी कचराकुंडीपर्यंत ने, ‘येताना घेऊ’ म्हणून वाटेच्या कडेला ठेवू नकोस — येताना अंधार असतो, आणि पुढच्या कुत्र्यावर बंदी येते ती असल्या पिशव्यांमुळेच.

फॉरेस्टातल्या वाटांवर

३०. वाळक्या गवतातून आल्यावर बंड्याचे कान, नाक आणि बोटांमधल्या बेचक्या रोज तपास — तिथल्या फॉक्सटेल गवताची कुसळं आपल्याकडच्या कुसळांसारखीच एका दिशेने आत सरकतात, आपोआप बाहेर येत नाहीत. अचानक शिंका सुरू झाल्या किंवा डोकं झटकायला लागला तर वाट बघू नकोस, वेट गाठ.

३१. पाच हजार फुटांच्या खाली तीन-तीन पानांची झुडपं दिसली की त्याला दूर ओढ — तो पॉयझन ओक. त्याचं तेल बंड्याच्या केसांवर बसतं आणि खाज तुला सुटते. तेल कुत्र्याच्या अंगाला, पुरळ मालकिणीच्या गालाला!

३२. ओंडक्याखाली आणि खडकांच्या फटींत नाक खुपसू देऊ नकोस — रॅटलस्नेक तिथेच सावली धरून बसतात. चावलाच तर कापणं-चोखणं असले सिनेमातले उपाय नकोत. उचलून गाडीत घाला आणि दवाखाना गाठा.

३३. मे-जूनमध्ये नदीकाठी दोरी दोनदा मनगटाला गुंडाळ — बर्फ वितळत असतो, पाणी दिसतं गुडघाभर पण ओढ माणसाला नेणारी असते, आणि त्याच्यामागे तू उडी मारशील हे मला माहीत आहे.

३४. ओढ्याचं पाणी त्याला पिऊ देऊ नकोस. त्याच्यासाठी वेगळी बाटली आणि घडीची वाटी ठेव — निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातही जियार्डिया असतो, आणि त्याचे जुलाब तुमच्या मागच्या सीटवर घरापर्यंत येतात.

३५. महाकाय सिकोया बघायची हौस असेल तर ओकहर्स्टजवळच्या नेल्डर ग्रोव्हची चौकशी कर — पार्कातल्या मारिपोसा ग्रोव्हच्या पायवाटांवर बंड्याला मज्जाव, पण नेल्डर सिएरा फॉरेस्टात आहे. २०१७च्या रेलरोड वणव्याची झळ त्यालाही बसली, तेव्हा रस्ता आणि वाटा खुल्या आहेत ना हे आधी विचार.

३६. फॉरेस्टातली वाट चालता चालता पार्काची हद्द लागली की तिथूनच मागे फिर — झाडं तीच, माती तीच, नियम दुसरा. पाटी लागली की पाय मागे, बेत मोडला तरी मान जागे.

३७. उंचावर पहिल्या दिवशी अर्धंच चाल आणि बंड्याच्या जिभेकडे बघ — तुला धाप लागते तशी त्यालाही लागते, पण तो तुझ्या मागे येणं सोडत नाही.

३८. रोज सकाळी हवेची आणि वणव्याची बातमी बघ, धूर वाढला तर तंबू आवर — २०१३च्या रिम फायरने स्टॅनिस्लॉस आणि पार्क धरून या भागातली अडीच लाख एकरांहून जास्त जमीन जाळली. निघायचं ठरलं तर शेजाऱ्यांच्या आधी निघा. डोंगरातून उतरायचे रस्ते मोजकेच आहेत.

३९. परत आल्यावर आंघोळ आधी बंड्याची, मग तुमची. गोचिडी शोधत कानामागे आणि काखेत बोटं फिरव — सोफ्यावर एकदा चढला की शोधाशोध दुप्पट.

४०. आणि या यादीतलं काही विसरलं म्हणून घाबरू नकोस: दोरी, पाणी, सावली, बेअर बॉक्स, एवढी चार सांभाळलीस तरी पुरे — बाकीचं रेंजरला विचारता येतं. कुत्रं घेऊन नम्रपणे विचारणाऱ्याला ते सहसा चांगली वाट दाखवतात. जावईबापूंना मात्र वाद घालायला पुढे पाठवू नकोस.